बिघडलं तर कोणावर पडेल? जुना ट्रॅक्टर, रानडुक्कर आणि एक साधा प्रश्न

(ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी बोलण्याचं लिखित रूप. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

  

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. घर मात्र वाशीम जिल्ह्यात. सोयाबीन, तूर, रब्बीला हरभरा. घरी आई-बाबा, एक जुना ट्रॅक्टर आणि रोज रात्री न बोलावता येणारे पाहुणे, म्हणजे रानडुकरं आणि रोही. पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी ती हरणांच्या नात्यातली, आणि घोड्याएवढी उंच.

आजचा विषय शेतातली रोजची दुरुस्ती आणि राखण. 'शेतीतलं तंत्रज्ञान' म्हटलं की लोक ड्रोनवर बोलतात. ड्रोन चांगलाच आहे, पण आपल्याकडे बहुतेक घरांत सकाळी पहिला प्रश्न असतो, ट्रॅक्टर चालू होईल का? आणि संध्याकाळचा प्रश्न, आज जागलीला कोण जाणार? या दोन प्रश्नांमध्ये सगळा दिवस असतो. शेवटी मी तुम्हाला एक साधी चाचणी देणार आहे, कुठलाही जुगाड चांगला की वाईट हे ठरवण्याची. ती देण्याआधी थोडं ग्रीस हाताला लागू द्या.

जुना ट्रॅक्टर विकत का नाहीत?

शहरातले मित्र विचारतात, तीस वर्षांचा ट्रॅक्टर कशाला ठेवलाय? सरळ हिशेब आहे. पस्तीस-चाळीस एचपीचा नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर सहा-सात लाखांच्या घरात जातो. वर अवजारं वेगळी. लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षातले मोजकेच दिवस पूर्ण जोरात चालतो. नांगरणी, पेरणी, मळणी, मग माल नेणं. बाकी वेळ तो शेडमध्ये, वर कोंबड्या बसलेल्या. तेवढ्यासाठी हप्ता कोण भरणार?

दुसरं कारण मला जास्त आवडतं. जुनं यंत्र उघडून बघता येतं. महिंद्राच्या ट्रॅक्टरची सुरुवात १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या साथीने झाली, त्यातूनच बी-२७५ आला. एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेक झेटोरचं २५११ मॉडेल बनवायला घेतलं. त्या पिढीच्या यंत्रांमध्ये कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. जे आहे ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला लागतं. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एखादा दहावी नापास मिस्त्री पूर्ण इंजिन बांधून देतो आणि ते पुढची दहा वर्षं चालतं.

आमच्याकडे येणारे मिस्त्रीकाका असेच. पाना हातात घेण्याआधी ते बाबांना चार प्रश्न विचारतात. कधीपासून? अचानक का हळूहळू? गार असताना का तापल्यावर? आणि मधे कोणी हात लावला का? मी आयटीत इतकी वर्षं बग शोधतोय, पण 'मधे कोणी हात लावला का' हा प्रश्न इतक्या प्रेमाने विचारणारा माणूस मी ऑफिसात पाहिला नाही.

चालूच होत नाही, आता?

समजा, किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक' झालं. सगळे म्हणतात बॅटरी गेली. नवी बॅटरी म्हणजे काही हजार रुपये. थांबा.

बारावीतला ओहमचा नियम आठवा. डिझेल इंजिनचा सेल्फ फिरवायला काही शे अँपिअर लागतात, आपण २०० धरू. बॅटरीच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल आणि त्याचा रोध फक्त ०.०१ ओहम असेल, तर २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. बारा व्होल्टमधले दोन त्या फुलोऱ्याने खाल्ले! लाईट नीट लागते, हॉर्न वाजतो, कारण त्यांना करंट थोडाच लागतो. सेल्फ मात्र फिरत नाही.

मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर दोष जोडात आहे. गरम पाणी, खाण्याचा सोडा, तारेचा ब्रश, मग घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, हा क्रम मोडू नका. बॅटरी स्वतः कशी आहे हेही मीटर सांगतो. रात्रभर स्वस्थ उभी असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बारावर किंवा खाली असेल तर ती बरीच उतरलेली आहे.

आता दुसरा प्रकार. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन धरत नाही. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते, तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की पेट घेतो. म्हणजे लागतं काय? हवा, दाब आणि डिझेल. तीनच गोष्टी. यातलं सगळ्यात जास्त रुसणारं म्हणजे डिझेल.

टाकी, कॉक, फीड पंप, गाळण्या, मोठा पंप, नोझल असा डिझेलचा रस्ता. जुन्या इंजिनात नोझल उघडायला पावणेदोनशे ते दोनशे बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, म्हणजे शंभर पटीचा हिशेब. डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत जातो. मधे हवेचा बुडबुडा असेल तर हवाच दबत बसते आणि धक्का तिथेच जिरतो. याला आपल्याकडे 'एअर धरली' म्हणतात. पिचकारीत हवा शिरल्यावर होळीला जे होतं तेच.

एअर काढायची पद्धत ठरलेली आहे. टाकीत पुरेसं डिझेल, कॉक उघडा, गाळणीवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल, फीड पंपाची छोटी दांडी हाताने मारत राहायची. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. स्क्रू आवळा. मग पुढचा, मोठ्या पंपावरचा. एक गोष्ट ठळक सांगतो. सेल्फ फिरत असताना नोझलच्या किंवा फुटलेल्या पाइपाच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत हात सडू शकतो. असं झालं तर वाट न बघता दवाखाना.

दर आठवड्याला एअर काढावी लागत असेल, तर एअर कुठून येते ते शोधा. ओढणीच्या बाजूला, म्हणजे फीड पंपाच्या आधी, एखादा तांब्याचा वायसर खराब असेल तर तिथून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर गळेलच असं नाही. त्यामुळे डोळ्यांना सगळं कोरडं आणि ठीक दिसतं. वायसर दहा-वीस रुपयांचा, पण तो सापडेपर्यंत माणूस नोझल, पंप, नशीब सगळं बदलून बघतो.

गावातल्या एका घरचा किस्सा सांगतो. ट्रॅक्टर सकाळी मस्त चालू व्हायचा. नांगराला लावला की वीस मिनिटांनी दम टाकून बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. कोणी म्हणालं पंप-नोझल करा, खर्च हजारांत. मिस्त्रीकाका गेले, नेहमीचे चार प्रश्न झाले. मग ट्रॅक्टर बंद पडल्यावर त्यांनी काय केलं? टाकीचं झाकण उघडलं. 'स्स्स' करून हवा आत शिरली आणि ट्रॅक्टर लगेच चालू. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. कुंभारीण माशीने त्यात माती भरून घर केलं होतं. डिझेल खर्च होईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि डिझेल येणं थांबायचं. दुरुस्तीचा खर्च म्हणजे एक काडी. काकांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. घरवाल्यांनी मात्र हरभऱ्याचे डहाळे बळेच त्यांच्या गाडीला बांधले.

धुराचंही लक्षात ठेवा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, आधी एअर क्लिनर बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर चालू होताना थोडा येतोच. तापल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

जुगाड: एक चांगला, एक वाईट

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक आहे, मलाही आहे. पाइप फुटला, ट्यूबची पट्टी गुंडाळून घरापर्यंत आलो. सीट फाटली, युरियाच्या गोणीत भुसा भरून नवी सीट. सायलेन्सरवर पावसाळ्यात तेलाचा रिकामा डबा. मस्तच.

पण सगळे जुगाड एका जातीचे नसतात. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्राला काही ठिकाणी मुद्दाम कच्चा बोल्ट दिलेला असतो. दगड अडकला की तो बोल्ट तुटावा आणि गिअर बॉक्स वाचावा, ही त्याची नोकरी. तो सारखा तुटतो म्हणून कोणीतरी पक्का बोल्ट टाकतं. आता बोल्ट तुटत नाही, गिअर बॉक्स तुटतो. मोटारीच्या पेटीत फ्यूज उडतो म्हणून जाड तार टाकली, तोच प्रकार. आता फ्यूज उडत नाही, मोटार जळते.

इथपर्यंत नुकसान पैशांचं आहे. पुढचा टप्पा माणसाचा.

किल्लीने सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून सेल्फच्या दोन टर्मिनलवर पेचकस टेकवायचा आणि ट्रॅक्टर चालू करायचा, हे तुम्ही पाहिलं असेल. बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल केल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून एक स्विच असतो. पेचकस त्या स्विचला वळसा घालतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताच पुढे निघतो, आणि आपण उभे असतो पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. मागचं चाक येतं. उडी मारायला वेळ नसतो. शंभर वेळा काही होत नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण शंभर वेळा काही झालं नाही की त्याची सवय होते. खराब स्विच बदलायला काही शे रुपये लागतात.

तसंच पीटीओचं. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं, पदराचं, दुपट्ट्याचं टोक त्याला लागलं तर 'अरे' म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. त्यावर कव्हर असतं. क्रॉसला ग्रीस मारताना ते काढलं जातं, नंतर गोठ्याच्या कोपऱ्यात सापडतं, त्यात कोंबडीने अंडी घातलेली असतात. मळणीच्या घाईत बायका-माणसं त्या उघड्या शाफ्टवरून सरळ पाय टाकून पलीकडे जातात.

म्हणून माझी चाचणी ही. कुठलाही जुगाड करताना एकच प्रश्न विचारायचा. हे बिघडलं तर कोणावर पडेल? वेळेवर पडणार असेल, बिनधास्त करा. यंत्रावर पडणार असेल, हिशेब करा. माणसावर पडणार असेल, तर काम थांबलेलं परवडलं. आमच्या धंद्यात याला फेल-सेफ म्हणतात. यंत्र बिघडणारच, फक्त बिघडताना ते सुरक्षित बाजूला पडावं. त्या कच्च्या बोल्टला हे कळलेलं असतं.

रात्रीचे पाहुणे

हाच प्रश्न घेऊन आता वावरात जाऊ, रात्री.

तूर शेंगांवर आहे, हरभरा घाट्यांवर आहे. दहा-बारा रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो, हे ज्याने सकाळी पाहिलं त्यालाच कळतं. ते खातात कमी, उकरतात आणि लोळतात जास्त. रोही शेंडे खातात आणि कळपाने पीक तुडवत जातात. वानरं दिवसा येतात. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात आहे, त्या बाजूच्या लोकांना हरणांचंही वेगळं सांगावं लागत नाही. या जनावरांवर राग धरून उपयोग नाही. रान कमी झालं आणि वावरात बारा महिने हिरवं मिळायला लागलं, ती येणारच. पण तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते तेव्हा हे समजून घ्यायला मन मोठं लागतं, हेही खरं.

मग जागल. डिसेंबरच्या थंडीत मचाणावर शेकोटी, बॅटरी, फटाके, हाळ्या. पुण्यात आपण 'स्लीप सायकल' मोजणारं घड्याळ घालतो, तिकडे साठीतला माणूस सलग महिनाभर रात्री जागतो आणि दिवसा परत कामावर. त्याची चिडचिड होते, त्याचा बीपी वाढतो, आणि आपण फोनवर म्हणतो, 'बाबा, आराम करत जा.' कधी करतील?

लोक नाना उपाय करतात. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतात, न्हाव्याकडून केस आणून टाकतात, भोंग्यावर माणसाचा आवाज लावतात, बुजगावणं उभं करतात. हे सगळं चालतं, पण थोडे दिवस. जनावर हुशार असतं. रोज त्याच जागी तोच आवाज, आणि त्याने आपल्याला काहीच होत नाही, हे त्याला आठवड्याभरात कळतं. ऑफिसमध्ये दर पाच मिनिटांनी खोटा अलर्ट वाजला की आपण सगळे तो म्यूट करतो ना? डुकरंही करतात. म्हणून उपाय बदलत राहायचे. आवाजाची वेळ बदला, भोंग्याची जागा बदला, दोन दिवस बंद ठेवा. रोही बरेचदा ठरलेल्या वाटेने येतात आणि ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग करतात, त्यामुळे त्यांची वाट ओळखणं सोपं असतं. अख्ख्या बारा एकरांची राखण करण्यापेक्षा ती वाट धरा. जुने लोक रब्बीत धुऱ्याने करडईचे तास टाकायचे. काटेरी पीक, जनावर तोंड घालताना विचार करतं. डुक्कर त्याने पूर्ण थांबत नाही, पण त्या तासांतून करडई घरात येतेच.

तार

आता जे बोलणार आहे, त्यासाठीच खरं तर हा भाग केला.

जागून जागून थकलेला माणूस एक दिवस आकडा टाकतो, किंवा मोटारीच्या पेटीतून वायर काढतो, आणि वावराभोवतीच्या तारेत सरळ २३० व्होल्ट सोडतो. पहाटे उठून बंद करू म्हणतो. अशा तारेला लागून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत.

आणि ती तार लागते कोणाला? आपल्याकडे शेतीची लाईट पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस रात्री. म्हणून रात्री अंधारात, ओल्या पायांनी, मोटार चालू करायला कोण निघतं? शेजारचा शेतकरी. त्याचा पोरगा. कधी स्वतः तार लावणाऱ्याच्या घरचाच माणूस, ज्याला आज तार चालू आहे हे माहीत नव्हतं.

थोडं गणित बघा. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर जातात. दहा-पंधरा मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात, तार सोडता येत नाही. शंभरच्या आसपास करंट सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. बरेच जण म्हणतात, फ्यूज आहे ना! तो फ्यूज दहा-पंधरा अँपिअरला उडणारा. माणूस मरायला पाव अँपिअर पुरतो. फ्यूज वायर वाचवायला असतो, माणसाला वाचवायला नसतो. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो घरी नसेल तर या सुट्टीत वायरमनला बोलावून बसवून घ्या.

आणि कोणी तारेला चिकटलेला दिसला तर आधी लाईट बंद करा, मगच हात लावा. वाचवायला धावणारा दुसरा माणूसही जातो, असं पुष्कळदा झालंय.

मग झटका मशीन वेगळं कसं? तिथे तर पाच-दहा हजार व्होल्ट असतात! फरक वेळेचा आणि ऊर्जेचा. चांगलं मशीन सेकंदाला फार तर एक झटका देतं, आणि तो झटका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. एका झटक्यातली ऊर्जा आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ५ ज्यूलच्या आत. झटका जोरात लागतो, पण मधल्या मोकळ्या वेळात स्नायू सुटतात आणि जनावर मागे पळतं. माणूसही. म्हणजे आपला प्रश्न विचारा. बिघडलं तर कोणावर पडेल? चांगलं मशीन बिघडलं तर झटका बंद होतो, पिकावर पडेल. मेन लाईनची तार? तिला बिघडावंही लागत नाही, ती व्यवस्थित चालू असतानाच माणसावर पडते.

मशीन घेताना मानक आणि कंपनीची पाटी बघून घ्या. बाजारात चोक आणि ट्रान्सफॉर्मर जोडून घरगुती डबे मिळतात, त्यांत झटका किती आणि किती वेळ यावर कसलाच ताबा नसतो. सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं बरं. आणि कुंपणाची तार मेन लाईनला कधीही, कुठल्याही कारणाने जोडायची नाही.

'मशीन लावलं पण डुकरं जुमानत नाहीत,' ही तक्रार बरेच जण करतात. तेव्हा तीन गोष्टी बघा. एक, अर्थिंग. जनावर जमिनीवर उभं असतं, करंट त्याच्या पायातून जमिनीत आणि तिथून अर्थच्या सळईतून मशीनकडे परत येतो. जमीन कोरडी असेल तर तो परत येतच नाही. सळया खोल ठोका, एकापेक्षा जास्त ठोका, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओता. दोन, गवत. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका तिकडूनच जमिनीत उतरतो. तीन, उंची. डुकराच्या अंगावर राठ केस असतात, झटका लागतो तो ओल्या नाकाला. म्हणून एक तार जमिनीपासून वीत-सव्वा वीत, दुसरी हातभर. रोह्यांसाठी वर आणखी तारा लागतात. आणि पाटी लावा, ठळक, शाळकरी पोराला वाचता येईल अशी.

कायद्याचंही थोडक्यात. तारेत मेन लाईन सोडून माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. आकड्याची वीज चोरी धरली जाते. जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. म्हणजे हरभरा वाचवायला गेलेला बाप तुरुंगात, आणि शेजारचं घर उघडं. दुसरीकडे, पिकाच्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडून मिळू शकते. पैसे कमी वाटतात, चकरा मारायला लागतात, हे मान्य. पण अर्ज उशिरा गेला तर तेही हातचं जातं. पंचनाम्याआधी वावर साफ करू नका, तारीख आणि जागा दिसेल असे फोटो काढा, आणि अर्जाची पोच घ्या. हे काम फोनवर बसून आपण पोरं करू शकतो. बाबांनी दिवसाची मजुरी बुडवून खेटे मारायची गरज नाही.

या वेळी गावी गेलात की

शेवटी कामाची यादी, छोटीच. मल्टिमीटर घेऊन जा आणि टर्मिनल तपासा. टाकीच्या झाकणाचं भोक बघा. पीटीओचं कव्हर शोधा, अंडी बाजूला ठेवा आणि कव्हर परत बसवा. पेचकसने सेल्फ मारावा लागत असेल तर तो स्विच बदलून घ्या. घराला आरसीसीबी. आणि धुऱ्यावरून एक चक्कर मारा, आपल्या आणि शेजारच्याही. कुठे मोटारीच्या पेटीतून तारेकडे जाणारी वायर दिसली तर त्या काकांशी बोला. भांडू नका. माणूस वाईट नसतो, थकलेला असतो. त्याला विचारा, 'काका, पहाटे ही बंद करायची राहिली तर?' आणि मग सौर झटका मशीन दोघांत मिळून घ्यायचं का, तेही विचारा. दोन वावरांना मिळून एक कुंपण स्वस्तच पडतं, आणि जागलीच्या रात्रीही वाटून घेता येतात.

ज्यांचे बाबा आज रात्री जागलीला जाणार आहेत, त्यांनी हा भाग संपला की एक फोन करा. गमबूट घातलेत का विचारा, सोबत कोण आहे विचारा, आणि वाटेत कोणाची तार चालू आहे का तेही विचारा.

तुमच्याकडे काय चालतं? वानरांवर कोणाला खरंच उपाय सापडला असेल, तर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात वाजवू. आणि हा भाग तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका, 'गुड मॉर्निंग'च्या फुलांमध्ये एखादा कामाचा मेसेजही जाऊ द्या.

चला राजेहो, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.